भिंतीवरून उतरवलेली बाई

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला शिकागोत अजून घाम येत असतो. डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांच्या दुकानांतले पंखे चालू असतात आणि मिठाईवाल्याने दिवाळीचं नावही काढलेलं नसतं. पण तिथून बसने थोडं पुढे गेलं की एक छोटं फिलिपिनो किराणा दुकान आहे. त्याच्या दारावर त्या दिवशी चांदणीच्या आकाराचा कंदील चढतो आणि आत ख्रिसमसची गाणी लागतात. फिलिपिनो लोकांचा ख्रिसमस चार महिने चालतो. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. ज्या महिन्याच्या शेवटी 'बर' येतं तो ख्रिसमसचा, एवढा सोपा हिशेब.

यंदा तो कंदील पाहून मी दुकानात गेलेच नाही. रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले. केळीच्या पानात गुंडाळलेल्या चिकट भाताच्या मिठाईचा वास येतो आहे असं वाटलं. वास खरा होता की मनातला, सांगता येणार नाही.

चार वर्षांपूर्वीचा तो हंगाम मी शिकागोत काढला नाही. इथून तीन तासांवर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमध्ये एक विद्यापीठाचं गाव आहे. तिथे मी शिकत होते. पहिल्या आठवड्यात खोली शोधताना एका मराठी कुटुंबाचा पत्ता मिळाला. काकूंनी फोनवर फार गोड बोलून घेतलं, नागपूरची म्हणताच संत्र्यांची चौकशी केली, आणि मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. "हो का," म्हणाल्या. संध्याकाळी मेसेज आला की खोली आधीच गेली होती. सात समुद्र ओलांडून माणसं येतात आणि सामानात पहिल्यांदा काय भरतात ते मला त्या दिवशी कळलं. काकूंचं नाव मी इथे लिहीत नाही. ते लिहिण्याची गरज नाही, अशा काकू प्रत्येक गावात आहेत.

म्हणून मी टिटा रेमीच्या घरी पोहोचले. टिटा म्हणजे त्यांच्याकडे मावशी. साठी ओलांडलेली, ठेंगणी, डायलिसिस विभागात तीस वर्षं नर्स असलेली बाई. तिने आडनाव विचारलं नाही. "मासे तळलेले चालतात का?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात ती सुके मासे तळत होती आणि सगळ्या खिडक्या बंद होत्या. शेजारणीने एकदा तक्रार केली होती म्हणे. मी जिन्यावरच थांबले. आमच्याकडे आई सुकट भाजायला घ्यायची तेव्हा बाबा उठून मुद्दाम खिडक्या उघडायचे. "येऊ दे वास त्यांच्याकडे," म्हणायचे. मी टिटाच्या खिडक्या उघडल्या. ती म्हणाली, "अनाक, तू भांडखोर आहेस." अनाक म्हणजे बाळ. मी म्हटलं, "हो."

मावशीला आपण अगं-तुगंच करतो. आम्ही इंग्रजीत बोलायचो, पण माझ्या कानात टिटा रेमी पहिल्या दिवसापासून अगं-तुगंच आहे.

तिच्या घरात जेवणाआधी एक ताटली बाजूला वाढली जायची. रोज नाही, सणाला, कोणाच्या आठवणीच्या दिवशी, किंवा तिला वाटलं की. थोडा भात, माशाचा तुकडा, एखादी मिठाई, जवळ पाण्याचा पेला. तिच्या आजोळी, उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, याला आतांग म्हणतात. मेलेल्यांचा वाटा. मी पिंड, कावळा, श्राद्ध या सगळ्याला हात जोडून बाहेर पडलेल्या घरातली मुलगी. मला राहवलं नाही.

"टिटा, मेलेल्याला भूक लागते का?"

"नाही लागत."

"मग?"

"मला लागते. त्यांना वाढल्याशिवाय मला घास जात नाही." आणि माझ्या ताटात पान्सितच्या शेवयांचा ढीग घालत म्हणाली, "तुला जातो ना? मग जेव."

सकाळी चहाबरोबर ती स्थानिक पेपरातले मृत्युलेख मोठ्याने वाचायची. "हा माझा पेशंट. ही पण माझी. हा फार शिव्या द्यायचा, पण शेवटच्या दिवशी मला थँक यू म्हणाला." मी समोर बसून माझं काहीतरी वाचत असायचे, बहुतेक वेळा कुणावर तरी चिडण्यासाठी उपयोगी पडेल असं. तिचं वाचन आणि माझं वाचन यांतला फरक मला तेव्हा विनोदी वाटायचा.

सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी ती मला गावातल्या संग्रहालयात घेऊन गेली. छोटं, दोन मजली, फुकट. खालच्या मजल्यावर दगड, जीवाश्म आणि पेंढा भरलेला एक रानरेडा. वरच्या मजल्यावर 'जगातील संस्कृती' नावाचं दालन. टिटा खालच्या मजल्यावर कुठेच थांबली नाही. सरळ वर गेली, डाव्या हाताच्या भिंतीपाशी.

तिथे एक मोठा काळा-पांढरा फोटो होता. शंभरएक वर्षांपूर्वी या देशात मोठमोठी प्रदर्शनं भरायची आणि त्यांत यंत्रांच्या, फळांच्या, गाईंच्या बरोबरीने माणसंही मांडायचे. फिलिपिन्सच्या डोंगरांतून जहाजाने आणलेली माणसं. फोटोत तशी आठ जणं ओळीने उभी होती, पायांपाशी दोरी ताणलेली. सहा पुरुष, दोन बाया. डावीकडून पहिली बाई अंगावरचं कापड छातीशी मुठीत धरून होती आणि कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला, चौकटीच्या बाहेर बघत होती. खाली पाटी. पाटीवर फोटो काढणाऱ्याचं पूर्ण नाव होतं, त्याचं जन्मसाल आणि मृत्युसाल होतं, कॅमेऱ्याचा प्रकारसुद्धा होता. आठ माणसांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

टिटा त्या पहिल्या बाईसमोर उभी राहिली. बराच वेळ. शेवटी फक्त म्हणाली, "माझ्या आजीच्या मुलखातली."

मी काही विचारलं नाही. मला विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला सगळं कळलं होतं. दालनाचा राखणदार, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, टिटाकडे बघून ओळखीचं हसला, तेही मला संतापजनक वाटलं.

परतताना टिटाने घराच्या आधी एका डोनटच्या दुकानाशी गाडी थांबवली. आम्ही काहीच खाल्लं नाही. कॉफी घेतली, दहा मिनिटं बसलो, निघालो. कशासाठी थांबलो, तेही मी विचारलं नाही.

मी वाढले उत्तर नागपुरात. जयंतीच्या आधी आमच्या पुढच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे पडायचे आणि बाबांच्या मित्रांबरोबर मी त्यांच्या घड्या घालायचे. त्या खोलीत मी लिहायला शिकले. पत्रकाची पहिली ओळ छातीवर बसली पाहिजे. पत्रकात 'कदाचित' येत नाही, 'मला वाटतं' येत नाही. आणि पत्रकात 'मी' नसतो, नेहमी 'आम्ही'. हे माझ्या हाडात आहे, आणि त्याची मला लाज नाही. त्या 'आम्ही'ने आमच्या वस्तीत नळ आणला आहे.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मी ग्रंथालयात बसले. बाहेर मेपलची झाडं लाल होत होती आणि भारतीय विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर त्या पानांसमोर उभं राहून काढलेले फोटो पडत होते. मी प्रदर्शनांबद्दल वाचत होते. थंडीतही त्या माणसांना उघड्या अंगाने उभं करायचे, कारण तिकीट काढून आलेल्यांना तसंच बघायचं असायचं. मागणी येईल तेव्हा नाच. त्यांतले काही इथेच मेले. आमच्या लोकांना गावाबाहेर ठेवलं आणि ह्यांना दोरीच्या आत ठेवलं, एवढाच काय तो फरक, असं मी वहीत लिहिलं. ते वाक्य मला फार आवडलं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आईने व्हिडिओ कॉल केला. दीक्षाभूमीवरून घेतलेली पुस्तकं दाखवली, दरवर्षीप्रमाणे पिशवीभर. "तिकडे काय करते आहेस?" तिने विचारलं. "पत्रक," मी म्हटलं. आई खुश झाली.

पत्रकाची पहिली ओळ होती: 'तुमच्या भिंतीवर माणसं टांगलेली आहेत.' शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'आम्ही, या माणसांचे वारस आणि या गावातला फिलिपिनो समाज, हा फोटो तत्काळ उतरवण्याची मागणी करतो.'

माझ्या वर्गातला सागर पुण्याचा. आयटीतली नोकरी सोडून शिकायला आलेला, आणि माझा एकमेव मित्र. पत्रकाचं लेआउट त्यानेच केलं. शेवटचा परिच्छेद वाचून म्हणाला, "यार, वारस कोण? सह्या घेतल्यास का कुणाच्या?"

"टिटा आहे ना."

"तिला दाखवलंस?"

"सरप्राइज आहे."

"प्रज्ञा, पत्रकात कुणी सरप्राइज देतं का?"

"तू फॉन्ट बघ," मी म्हटलं.

आम्ही पत्रकं वाटली, विद्यापीठाच्या पेपरात ते छापून आलं, दोन शनिवारी सात-आठ जण फलक घेऊन संग्रहालयाच्या पायऱ्यांवर उभे राहिलो. भांडण व्हावं अशी माझी तयारी होती. भांडण झालंच नाही. दहा दिवसांत ईमेल आला. समाजाच्या भावनांचा आदर ठेवून छायाचित्र प्रदर्शनातून काढण्यात आलं आहे, हा मुद्दा लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. इतक्या सहज मिळालेला विजय मी आयुष्यात पाहिला नव्हता. तेव्हाच शंका यायला हवी होती.

एक नोव्हेंबर हा त्यांचा मृतांचा दिवस. त्या दिवशी फिलिपिन्समध्ये कुटुंबंच्या कुटुंबं कबरस्तानात जातात. थडगी धुतात, मेणबत्त्या लावतात, तिथेच जेवतात, पत्ते खेळतात. टिटाने आदल्या दिवसापासून नारळाच्या दुधात चिकट भात शिजवला होता. केळीची पानं गोठवलेली, पाकिटातली. ती गॅसवर धरून मऊ करायची आणि भात त्यांत लांबट गुंडाळून वाफवायचा. सुमान म्हणतात. आमच्या घरी पातोळ्या होत नाहीत, पण ज्यांच्याकडे होतात त्यांना हा वास ओळखू येईल. सकाळी तिने घरात ताटली वाढली. मग एक सुमान छोट्या डब्यात घातला, डबा पिशवीत ठेवला आणि कोट चढवला.

"कुठे निघालीस?"

"संग्रहालयात. दरवर्षी जाते या दिवशी."

मला आनंदच झाला. हो, आनंद. हे लिहायला जड जातं, पण झाला. "मी पण येते," मी म्हटलं. "मला तुला तिथे काहीतरी दाखवायचं आहे."

गाडीत तिने सांगितलं. आधी कधीच सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. तिच्या आजीची मोठी बहीण अशाच एका जहाजाने अमेरिकेला गेली. परत आली नाही. कुठे मेली, कुठे पुरली, कुणाला कळलं नाही. आजी मरेपर्यंत ताटली वाढायची, पण मेणबत्ती कुठे लावायची हे तिला माहीत नव्हतं. टिटा या गावात नोकरीला आली आणि पहिल्याच वर्षी तिला हा फोटो दिसला. तेव्हापासून दर एक नोव्हेंबरला ती त्या पहिल्या बाईसमोर उभी राहायची. संग्रहालयात खाणं न्यायला बंदी, म्हणून पिशवीतच डब्याचं झाकण उघडायची. "वाफ जाईल तेवढी जाईल," ती म्हणाली. राखणदाराला माहीत होतं. त्या दिवशी तो दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहायचा.

गाडी संग्रहालयाच्या आवारात शिरत होती. मी तेव्हाही बोलू शकले असते.

भिंतीवर फोटोच्या जागी एक चौकोन होता, बाकीच्या भिंतीपेक्षा जरा पांढरा. पाटीसुद्धा काढली होती; भोकं बुजवली होती. टिटा पिशवीचा बंद हातात धरून उभी राहिली.

"कुठे गेली?"

मी सांगितलं. पत्रक, शनिवार, ईमेल, सगळं. माझा आवाज पत्रकासारखाच येत होता, मला तो थांबवता येईना. अपमान होता, दोरी होती, नावं नव्हती. ती ऐकत होती. मध्ये एकदाच तिने विचारलं, "वारस म्हणजे कोण, अनाक?"

डब्याचं झाकण तिने उघडलं नव्हतं. तरी पिशवीत हात घालून ते पुन्हा घट्ट दाबलं.

राखणदार जवळ आला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. "सॉरी, मॅडम," तो टिटाला म्हणाला. "मला वाटलं तुम्हाला विचारलं असेल."

परत जाताना डोनटचं दुकान आलं आणि गेलं. मी म्हटलं, "आज थांबायचं नाही?" तेव्हा तिने रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं, की मेलेल्याला भेटून आलं की सरळ घरी जायचं नसतं, वाटेत कुठेतरी थांबायचं असतं, म्हणजे तो आपल्या मागे घरापर्यंत येत नाही. "आज भेट झालीच नाही," ती म्हणाली. "कशाला थांबायचं?"

तो सुमान तिने खाल्ला नाही, मला दिला नाही, टाकलाही नाही. दोन दिवस ओट्यावर होता. तिसऱ्या दिवशी नव्हता.

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. माझं सगळं शिक्षण ओरडणाऱ्यांशी लढण्याचं आहे. ती रोजच्यासारखी मृत्युलेख वाचायची, मला भात वाढायची. मी चिडायला माणूस शोधत होते. संग्रहालयावर चिडून पाहिलं: त्यांनी नावं शोधली असती, पाटी बदलली असती, पण त्यांना कटकट नको होती आणि माझ्या पत्रकाने त्यांना स्वस्तात सुटू दिलं. हे खरं आहे. आजही मी ते पत्रकात लिहीन. पण त्याने माझी सुटका होत नाही. आमच्या लोकांच्या वतीने बोलणारे विद्वान मी लहानपणापासून पाहिले आहेत. आमच्या वस्तीत चहासुद्धा न घेता आमच्या दुःखावर पुस्तकं लिहिणारे. त्यांना मी भर सभेत उभी राहून विचारलं आहे, तुम्हाला हा अधिकार कुणी दिला? आणि मी एका बाईच्या घरात राहून, तिच्या हातचं खाऊन, तिच्या वतीने मागणी केली होती. तिला फक्त एक प्रश्न विचारायचा होता. तू इथे का येतेस?

मी संग्रहालयाला दुसरं पत्र लिहिलं. यात 'आम्ही' नव्हतं. उत्तर सभ्य होतं: समाजाने व्यक्त केलेल्या भावना लक्षात घेता छायाचित्र पुन्हा लावता येणार नाही, मात्र पूर्वपरवानगीने, कामाच्या दिवशी, संग्रहकक्षात ते पाहता येईल. सोबत अर्ज. मी तो छापून टिटासमोर ठेवला. भेटीचा हेतू: संशोधन, अध्यापन, प्रकाशन, इतर. टिटाने चष्मा लावून चारही पर्याय दोनदा वाचले. मग 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, 'तिला भेटायचं आहे.' मी दुरुस्त करायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

डिसेंबरच्या एका मंगळवारी सकाळी आम्ही गेलो. बर्फ पडून गेलं होतं. अर्जावर एकच नाव होतं, म्हणून मी तळघराच्या बोळात बाकावर बसले. पिशवी, कोट, डबा सगळं टिटाला बाहेर ठेवावं लागलं. ते माझ्या मांडीवर होतं. डबा गरम होता. अर्ध्या तासाने ती बाहेर आली.

"आडवी ठेवली आहे," ती म्हणाली. "एका रुंद खणात. वर पातळ पांढरा कागद."



"इतकी वर्षं उभी होती बिचारी. आता पाठ टेकली."

मला एवढं तरी हवंच होतं. मी लगेच म्हटलं, "म्हणजे बरंच झालं ना, टिटा?"

"तिच्यासाठी झालं असेल." तिने कोटाची बटणं लावली. "मला उभी असलेली हवी होती. जाता येता दिसायची. आता पंधरा दिवस आधी अर्ज करायचा."

पायऱ्या चढताना ती मध्येच थांबली. संग्रहकक्षातल्या कर्मचारी बाईने तिला विचारलं होतं, ही तुमच्याच घरातली कशावरून? "मी म्हटलं, माहीत नाही. असेल, नसेल. कुणाची तरी आहे, आणि तिच्याकडे दुसरं कुणी येत नाही."

ती पुढे चढत गेली. मी दोन पायऱ्या खाली, तिचा डबा हातात घेऊन.

शिक्षण संपलं, मी शिकागोत आले. इथे घरकामगार बायांच्या संघटनेत काम करते. पत्रकं अजूनही लिहिते. ज्या बाईबद्दल पत्रक असतं तिच्यासमोर बसून आधी वाचून दाखवते. त्याने वेळ जातो, आणि कधी कधी ती म्हणते, हे नको लिहूस. मग सगळ्यात जोरदार ओळ कापावी लागते. पहिली ओळ आता तितकी छातीवर बसत नाही, असं सागर म्हणतो. तो फ्रिस्कोला असतो, टेक्सासमध्ये. अजूनही लेआउट करून देतो.

मधल्या तिन्ही नोव्हेंबरांत टिटा अर्ज करून आत जाऊन आली. या वसंतात तिने घर विकलं आणि परत गेली, मुलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. गुडघे गेले आहेत. मागच्या रविवारी तिचा फोन आला. मागे कोंबडे ओरडत होते आणि कुणीतरी ख्रिसमसचं गाणं वाजवत होतं.

"अर्ज करायचा आहे," ती म्हणाली. "या वर्षीपासून तू जा."

"मी कोण तिची? टिटा, मी काय म्हणून जाऊ?"

"तू तिला तिथे झोपवलंस. तूच जायचं."

मी विचारलं, तिथे गेल्यावर मी तिच्याशी काय बोलू.

"काही बोलू नकोस," टिटा रेमी म्हणाली. "तिच्याबद्दल तुझं खूप बोलून झालं आहे. उभी राहा फक्त."